श्रेय कायटोसानचं की व्हिनेगरचं? बायोफिल्मवर नैसर्गिक पॉलिमर वापरून बघायची कृती

होळी आटोपली की नागपुरात घरोघरी कूलर धुवायला निघतात. टाकीच्या तळाशी बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. घरचे त्याला शेवाळ म्हणतात. पाइपचं पाणी मारून ते जात नाही, ब्रशनं खरवडावं लागतं, आणि दोन आठवड्यांत परत तसंच. एमएस्सीच्या मुलांना बायोफिल्म शिकवताना मी फळ्यावर चित्र काढणं केव्हाच सोडलं. "घरी जाऊन टाकीत बोट घाला, हात साबणानं धुवा आणि उद्या सांगा," एवढं पुरतं.

नागपूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची लॅब सांभाळते मी. दरवर्षी शेवटच्या सेमिस्टरला एखादा तरी गट "कायटोसान आणि बायोफिल्म" हा विषय घेऊन येतो. कायटोसान म्हणजे झिंगे-खेकड्यांच्या टरफलातल्या कायटिनपासून केलेला पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा रेणू. पावडर सहज मिळते, प्लेट जांभळी होते, फोटो छान येतात. आणि दरवर्षी चुकाही त्याच होतात. त्यांतल्या दोन-तीन माझ्या हाताखाली, माझ्या डोळ्यांदेखत झाल्या आहेत. म्हणून हे लिहून ठेवते.

आधी शत्रू ओळखा. बॅक्टेरिया पृष्ठभागाला चिकटले की स्वतःभोवती डिंकासारखं आवरण तयार करतात. आवरणासकट हा थर म्हणजे बायोफिल्म. त्यात पॉलिसॅकराइड असतात, प्रथिनं असतात, मेलेल्या पेशींचा डीएनए असतो. लेवेनहूकनं १६८३ मध्ये दातांवरची कीट खरवडून भिंगाखाली वळवळणारे जीव पाहिले, ते याच थरातले. आवरणात बसलेल्या बॅक्टेरियांना मारायला लागणारं अँटिबायोटिक मोकळ्या बॅक्टेरियांच्या दहापट ते हजारपट असू शकतं. कॅथेटर, कृत्रिम सांधा, न भरणारी जखम, सगळीकडे दुखणं हेच.

आता यातली गंमत बघा. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा बॅक्टेरिया चिकटायला जो डिंक वापरतो, तो ॲसिटिल-ग्लुकोसामाइनची साखळी असतो, मधूनमधून ॲसिटिल गट उडालेली. कायटोसान म्हणजेही तेच कुळ. फक्त कड्या जोडण्याची जागा वेगळी. डिंकात १-६, कायटोसानात १-४. तिकडे स्यूडोमोनास या दुसऱ्या बॅक्टेरियाच्या काही जाती स्वतःच अल्जिनेट तयार करतात, जे आपण समुद्री शैवालातून काढलेलं डब्यात विकत घेतो. म्हणजे आपण चोराच्याच घराण्यातला माणूस पहारेकरी ठेवतो आहोत. म्हणून "नैसर्गिक आहे म्हणजे मारेलच" असं गृहीत धरू नका.

प्रश्न एकच निवडा

चिकटू न देणं वेगळं आणि चिकटलेलं उपटणं वेगळं. पहिल्यासाठी पृष्ठभागावर आधी पॉलिमरचा लेप द्यायचा, मग बॅक्टेरिया सोडायचे. दुसऱ्यासाठी चोवीस तास बायोफिल्म वाढू द्यायची आणि मग पॉलिमर घालायचा. मुलं दोन्ही एकाच प्लेटमध्ये कोंबतात आणि शेवटी कशाचंच धड उत्तर येत नाही. पहिल्यांदा करत असाल तर "चिकटू न देणं" घ्या. पॉलिमरचा खरा जोर तिथेच आहे. जुनी, जाड बायोफिल्म नुसत्या कायटोसानानं साफ झालेली मी तरी पाहिलेली नाही.

कायटोसानचं द्रावण

पावडर विकतच घ्या. एका वर्षी एक मुलगा बाजारातून सुके झिंगे घेऊन आला, घरीच कायटोसान काढतो म्हणाला. टरफलातला चुना हायड्रोक्लोरिक ॲसिडनं काढणं, प्रथिनं कॉस्टिकनं (सोडियम हायड्रॉक्साइडनं) काढणं इथवर ठीक. पण कायटिनचं कायटोसान करायला चाळीस-पन्नास टक्क्यांचा कॉस्टिक शंभर अंशांच्या आसपास तासन्‌तास उकळत ठेवावा लागतो. एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा गेला. मी झिंगे परत पाठवले. (त्याच्या आईनं त्यांची चटणी केली, डब्यात आम्हालाही आली.)

डबा घेताना लेबलवर दोन गोष्टी बघा: डीॲसिटिलेशन (ॲसिटिल गट उडवणं) किती टक्के आणि रेणुभार कमी, मध्यम की जास्त. पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी टक्के आणि मध्यम रेणुभार नवख्याला बरा. लॉट नंबर वहीत लिहा. दुसरा डबा आला की आकडे बदलतात, आणि मग कारण शोधत बसावं लागतं.

नव्व्याण्णव मिलि डिस्टिल्ड पाण्यात एक मिलि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घाला. स्टरर चालू करा आणि दोन ग्रॅम पावडर झुणक्यात बेसन पेरतात तशी पेरा. एकदम ओतलीत तर गुठळ्या होतात, बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या, आणि त्या रात्रभरातही फुटत नाहीत. झाकून रात्रभर ढवळू द्या. सकाळी मधासारखं दाट, किंचित पिवळसर द्रावण दिसेल. दुहेरी मलमलीतून गाळा आणि बुडबुडे निघेपर्यंत तासभर ठेवून द्या. ऑटोक्लेव्ह करू नका, उष्णतेनं साखळ्या तुटतात आणि द्रावण पातळ होतं. भांडी आणि पाणी निर्जंतुक घ्या, पुढचं काम लॅमिनारमध्ये (गाळलेल्या, जंतुविरहित हवेच्या कपाटात) करा.

आता पीएच. कायटोसानचे अमाइन गट साधारण साडेसहाच्या खाली धन भार घेतात. बॅक्टेरियाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, म्हणून ते चिकटतं, पेशीचं आवरण बिघडवतं आणि आतलं बाहेर गळू लागतं. पीएच त्याच्या वर गेला की भार जातो, पॉलिमर विरघळलेला राहत नाही आणि जोरही जातो. म्हणून पातळ सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं घालत द्रावण साडेपाच ते पावणेसहाला आणा. घाई केली तर दूध फाटल्यासारखे पांढरे धागे येतात. आले तर तो बीकर बाजूला ठेवा आणि नवीन घ्या. गाळून "चालेल" म्हणू नका, कारण मग तुमची तीव्रता किती उरली हे तुम्हालाच ठाऊक नसतं.

इथे माझी फजिती

सुरुवातीच्या वर्षांत एका गटानं हे पीएचचं काम गाळलं आणि मीही लक्ष दिलं नाही. मूळ द्रावण, म्हणजे एक टक्का ॲसिडातलं कायटोसान, त्यांनी तसंच प्लेटच्या वेलमध्ये (खळग्यांमध्ये) बॅक्टेरियांच्या ब्रॉथशी, म्हणजे वाढीच्या द्रवाशी, अर्धं-अर्धं मिसळलं. दुसऱ्या दिवशी प्लेट काचेसारखी स्वच्छ. मुलं खूश, मी खूश, प्रोजेक्टची फाइल सोनेरी अक्षरांत बांधून आली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर करून एकच विचारलं, "नुसत्या ॲसिडची रांग कुठे आहे?"

नव्हती. व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिड असतं, म्हणजे त्या वेलमध्ये आम्ही पातळ केलेलं व्हिनेगरच ओतलं होतं. जळलेल्या जखमांवरच्या स्यूडोमोनाससाठी पातळ ॲसेटिक ॲसिड वर्षानुवर्षं वापरात आहे. मग मारलं कुणी? आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या लॅबमध्ये प्लेटचा नकाशा काढताना पहिली रांग ॲसिडची लिहायची: तेवढंच ॲसेटिक ॲसिड, तोच पीएच, कायटोसान शून्य. ही रांग नसलेल्या प्लेटवर मी सही करत नाही.

लेप आणि फिल्म

प्लेटसाठी द्रावण ०.५ टक्क्यापर्यंत पातळ करा, वेलमध्ये शंभर मायक्रोलिटर घाला आणि लॅमिनारमध्ये झाकण अर्धवट ठेवून रात्रभर वाळवा. मग अर्धा मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अर्धा तास ठेवा, काढा, आणि धुतलेल्या पाण्याचा पीएच सातवर येईपर्यंत निर्जंतुक पाण्यानं धुवा. ही पायरी टाळली तर लेप ब्रॉथमध्ये सुटतो, आणि ॲसिडही सुटतं. म्हणजे वरचीच फजिती दुसऱ्या दारानं आत.

जखमेवर लावतात तशी पातळ फिल्म करायची असेल तर दोन टक्क्यांच्या शंभर मिलि द्रावणात ०.४ ग्रॅम ग्लिसरीन घाला, नाहीतर फिल्म पापडासारखी तडकते. नऊ सेंटिमीटरच्या पेट्री डिशमध्ये पंचवीस मिलि ओता. टेबल सपाट आहे का ते गवंड्याच्या पाणसळीनं तपासा. हसू नका, आमच्या लॅबचं एक टेबल खिडकीकडे कललेलं आहे आणि तिथे सुकवलेली प्रत्येक फिल्म एका कडेला जाड असायची. चाळीस अंशांच्या ओव्हनमध्ये एक-दोन दिवस ठेवा.

मे महिन्यात ओव्हन कशाला, बाहेरच पंचेचाळीस आहे, असं वाटतं खरं. एकदा पंख्याखाली ठेवून बघितलं. वरचा थर आधी सुकून त्याची साय धरली, खालचं ओलं राहिलं आणि फिल्म आजीच्या गालासारखी सुरकुतली. कूलर लावून ठेवली तर उलट, खोलीतला ओलावा पिऊन चिकट. आणि पावसाळ्यात तीन दिवसांनीही ओली, शिवाय कडेला बुरशी. नागपुरात फिल्म करायचा महिना जानेवारी.

सुकलेली फिल्म एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास बुडवली की डिशपासून आपोआप सुटते. धुवा, परत सुकवा, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा तास यूव्ही द्या. आणि एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर माझ्याकडे तोंड पाडून येऊ नका: अशी उदासीन केलेली नुसती फिल्म सातच्या आसपासच्या ब्रॉथमध्ये फारसे बॅक्टेरिया मारत नाही. भारच उरलेला नसतो ना. म्हणून तर लोक तिच्यात चांदीचे कण, लवंगेतलं युजेनॉल किंवा अँटिबायोटिक भरतात, नाहीतर रासायनिक बदल करून कायमचा धन भार बसवतात. तुमची नुसती फिल्म "निकाल नाही" म्हणाली तर तोही निकालच. तसाच लिहा.

प्लेट लावणं

जात निवडताना कूलरमधला बुळबुळीत थर आणू नका. त्यात काय असेल सांगता येत नाही आणि काही जीव ताप आणणारे असतात. ओळखीची जात मागवा. चंडीगडच्या एमटीसीसीकडून किंवा पुण्याच्या एनसीआयएमकडून, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या संग्रहांकडून, मिळतात. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिसची एटीसीसी (अमेरिकन संग्रह) क्रमांक ३५९८४ ही घट्ट बायोफिल्म करणारी म्हणून प्रसिद्ध आहे आणि १२२२८ ही न करणारी. दोन्ही शेजारी शेजारी लावल्या की तुमची पद्धत चालते का ते लगेच कळतं.

रात्रभर वाढवलेलं कल्चर एक टक्का ग्लुकोज घातलेल्या ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये शंभरपट पातळ करा. सपाट बुडाच्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये दोनशे मायक्रोलिटर घाला. कडेच्या ३६ वेलमध्ये प्रयोग लावू नका, नुसतं निर्जंतुक पाणी भरा. आमच्याकडच्या कोरड्या हवेत कडेचे वेल आटतात आणि आकडे फुगतात. प्लेट ओल्या टिश्यूसह पोळ्यांच्या डब्यात ठेवा, डबा इन्क्युबेटरमध्ये, सदतीस अंश, चोवीस तास. हलवायचं नाही. मधेच उघडून बघायचं नाही.

दुसऱ्या दिवशी प्लेट उलटी करून ब्रॉथ १ टक्का हायपोक्लोराइटच्या ट्रेमध्ये झटकून टाका. पीबीएसनं (फॉस्फेट घातलेल्या सलाइननं) तीनदा धुवा. पिपेटचं टोक वेलच्या कडेला टेकवून हळू सोडायचं. मधोमध पिचकारी मारली की बायोफिल्म तुमच्या हातानंच निघते आणि श्रेय पॉलिमरला जातं. साठ अंशांवर तासभर सुकवून थर पक्का करा. मग ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट, पंधरा मिनिटं. हेच ते जांभळं औषध, जे आपल्या लहानपणी तोंड आलं की जिभेला लावायचे. ग्लोव्हज घाला, नाहीतर मतदान करून आल्यासारखी बोटं घेऊन आठवडाभर फिरावं लागतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, सुकवा, ३३ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये रंग विरघळवा आणि ५७० नॅनोमीटरला वाचा.

बॅक्टेरिया नसलेल्या वेलची सरासरी अधिक तीनपट प्रमाणित विचलन, ही सीमा. त्याखाली असेल तर चिकटलेच नाहीत. सीमेच्या दुपटीपर्यंत कमजोर, चौपटीपर्यंत मध्यम, त्यावर घट्ट.

रंग कशाला लागला?

दोन वर्षांपूर्वी एका गटानं संत्र्याच्या सालीतल्या पेक्टिनचा (जॅम घट्ट करणाऱ्या पॉलिमरचा) लेप दिला. नागपूरचं संत्रं, नागपूरचा प्रोजेक्ट, सगळ्यांनाच आवडलेली कल्पना. प्लेट धुतली आणि पेक्टिनचे सगळे वेल वांग्यासारखे गडद. त्यातली एक मुलगी धावत आली: "मॅडम, हे तर पेक्टिन खाऊन वाढूनच राहिले बाप्पा!"

मी विचारलं, "बॅक्टेरिया नसलेला, नुसत्या पेक्टिनचा वेल दाखव." तोही वांग्यासारखाच. क्रिस्टल व्हायोलेटवर धन भार असतो, पेक्टिन आणि अल्जिनेटवर ऋण. रंग सरळ लेपालाच जाऊन बसला होता. मुलीचा चेहरा उतरला, पण नुसत्या लेपाची रांग लावलेली होती म्हणून प्रोजेक्ट वाचला. तेव्हा ब्लँक दोन हवेत: रिकामा वेल, आणि लेप दिलेला पण बॅक्टेरिया नसलेला वेल. सीमा लेपाच्या ब्लँकवरून काढा. लेप इतका रंग पीत असेल की फरकच दिसत नाही, तर क्रिस्टल व्हायोलेट सोडा आणि जिवंत पेशी मोजा.

तसंही पेशी मोजायच्याच आहेत. क्रिस्टल व्हायोलेटला मेलेलं-जिवंत कळत नाही, डिंकही रंगतो. धुतलेला थर निर्जंतुक सलाइनमध्ये खरवडा, मिनिटभर व्हॉर्टेक्स करा (यंत्रावर जोरात घुसळा), दहा-दहापट पातळ करत प्लेटवर पसरा. इथेही कायटोसान फसवतं: ते बॅक्टेरियांचे पुंजके करतं, आणि वीस जणांचा पुंजका प्लेटवर एकच वसाहत म्हणून उगवतो. आकडा घसरला की आधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पुंजके दिसले तर अजून व्हॉर्टेक्स करा. ब्रॉथचा गढूळपणा मोजून तर काहीच ठरवू नका. सात पीएचच्या ब्रॉथमध्ये कायटोसान स्वतःच साकळतं.

संत्र्याचं पेक्टिन, आणि अल्जिनेटचे मणी

पेक्टिन करायचंच असेल तर साल आधी अल्कोहोलमध्ये गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून धुवा, उघड्या ज्योतीवर कधीच नाही. सालीच्या तेलातलं लिमोनीन स्वतः बॅक्टेरियांना जाचक आहे. ते राहिलं तर परत श्रेयाचं भांडण. मग सायट्रिक ॲसिडनं पीएच दोनला आणलेल्या पाण्यात ऐंशी-नव्वद अंशांवर तासभर, मलमलीतून गाळणं, गार करणं आणि दुप्पट अल्कोहोल. पांढरट गोळे तरंगतात, तेच पेक्टिन. अल्कोहोलनं धुऊन चाळीस-पन्नास अंशांवर सुकवा. अभिमान बाजूला ठेवून सांगते, पेक्टिन सालीच्या पांढऱ्या गरात जास्त असतं आणि आपल्या सैल सालीच्या संत्र्यात तो गर पातळच. मोसंबी जास्त देते. आणि हो, कायटिन १८११ मध्ये अळिंबीतून आणि पेक्टिन १८२५ मध्ये वेगळं करणारा माणूस एकच, फ्रान्सचा ब्राकोनो. मुलांना हे सांगितलं की दोन्ही नावं लक्षात राहतात.

कायटोसान आणि पेक्टिन एकत्र ओतू नका, विरुद्ध भारांमुळे लगेच गोळा होतो. ०.१ टक्क्याची दोन वेगळी द्रावणं, दोन्ही पाच पीएचला. काचेची पट्टी आधी कायटोसानात दहा मिनिटं, पाण्यात बुचकळून, मग पेक्टिनमध्ये दहा मिनिटं, पुन्हा पाणी. असे पाच-सहा फेरे. शेवटचा थर कायटोसानचा ठेवा.

अल्जिनेट सोपं. दोन टक्के सोडियम अल्जिनेट सिरिंजमधून ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबथेंब सोडलं की साबुदाण्यासारखे मणी. (डायहायड्रेट असेल तर शंभर मिलिला साधारण दीड ग्रॅम.) अर्धा तास घट्ट होऊ द्या. नुसतं अल्जिनेट मारत नाही, ते औषध धरून ठेवणारं भांडं आहे. हे मणी पीबीएसनं धुवू नका. फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, मणी फुगतात आणि सकाळी ट्यूबमध्ये नुसता चिकट रस. थोडं कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या ट्रिस बफरनं धुवा.

प्रत्येक गोष्टीचे निदान तीन वेल, आणि पूर्ण प्रयोग तीन वेगळ्या दिवशी, नव्या कल्चरनं. एकाच दिवशी लावलेल्या तीन प्लेट म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. यातलं काहीही स्वतःच्या, घरच्यांच्या किंवा शेजारच्या काकांच्या मधुमेहाच्या जखमेवर लावायचं नाही. लॅबमधली फिल्म ही लॅबमधलीच. वापरलेल्या प्लेट, टिप, मणी, सगळं पिशवीत बांधून १२१ अंशांवर वीस मिनिटं ऑटोक्लेव्ह. ट्रेमधलं हायपोक्लोराइट ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, त्यातून क्लोरीन सुटतो. ते अर्धा तास तसंच ठेवून सिंकमध्ये सोडा. जांभळं पाणी मात्र सिंकमध्ये नाही, वेगळ्या कॅनमध्ये. आमच्या सिंकची एक फरशी अजून जांभळी आहे.